उलटीची गोळी

1978 साली अमेरिकेत सिस्प्लॅटिन या औषधाला मान्यता मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगाने दगावणारे तरुण बरे होऊ लागले. मात्र हे औषध शिरेतून गेले की काही तासांतच उलट्या सुरू होत. जवळजवळ प्रत्येकाला होत, आणि पोटात काही उरले नाही तरी कोरडे उमासे थांबत नसत. पुढच्या डोसाच्या दिवशी काहींना रुग्णालयाचे फाटक दिसताच किंवा स्पिरिटचा वास येताच ढवळून येई. जीव वाचवणारे उपचार अर्ध्यावर सोडून घरी जाणारे रुग्णही होते. उलटीवर खात्रीचे औषध सापडणे हा त्यांच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

तोवर हाताशी होते मेटोक्लोप्रमाइड. नेहमीच्या मात्रेत ते सिस्प्लॅटिनपुढे टिकत नसे. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्रॅला यांनी ते फार मोठ्या मात्रेत देऊन पाहिले आणि उलट्या बऱ्याच आटोक्यात आल्या. मात्रा वाढवल्यावरच ते का लागू पडते, हे कोडे होते. हे औषध मेंदूतल्या डोपामिन या निरोप नेणाऱ्या रसायनाला अडवते, हे माहीत होते. मोठ्या मात्रेत ते सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहीलाही, म्हणजे ते जाऊन बसते त्या जागेलाही अडवते, असे पुढे लक्षात आले. मग फक्त तीच ग्राही अडवणारे औषध बनवले तर? कल्पना सोपी वाटते, पण तपासायची कशावर? उंदरांना उलटी होतच नाही. त्यामुळे फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर प्रयोग झाले आणि 1986 च्या सुमारास उत्तर मिळाले. अशा औषधाने सिस्प्लॅटिन दिलेल्या फेरेटची उलटी थांबली होती. ग्लॅक्सो कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले ओंडान्सेट्रॉन याच जातीचे औषध. जानेवारी 1991 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि कर्करोगाचे उपचार सुसह्य झाले. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत माणसाचे हाल कमी करणाऱ्या औषधांत माझ्या मते याचे स्थान फार वरचे आहे.

हेच औषध आज आपल्या घराच्या डब्यात असते. एमेसेट, ओंडेम, व्होमिकाइंड, झोफर अशा नावांनी ते मिळते आणि गोळी काही रुपयांना पडते. भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. त्याच वेळी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे, म्हणजे शेड्यूल एचचे औषध आहे. स्ट्रिपवर तसे छापलेले असते. व्यवहारात मात्र मेडिकलमध्ये जाऊन ‘उलटीची गोळी द्या’ एवढे म्हटले की समोरचा स्ट्रिप कापून देतो. कोणाला उलटी होते, कशाने होते, वय काय, वजन किती, दुसरे काय चालू आहे, यातले काही विचारले जात नाही. या औषधाचे बहुतेक धोके याच न विचारलेल्या प्रश्नांत असतात.

ते समजण्यासाठी उलटी होते कशी, हे आधी पाहू. शरीरातले सुमारे 90 टक्के सेरोटोनिन मेंदूत नसते, आतड्यात असते. आतड्याच्या अस्तरातल्या काही खास पेशी ते साठवून ठेवतात. सिस्प्लॅटिन असो, शिळ्या अन्नातले विष असो की रोटाव्हायरस, या पेशींना धक्का बसला की त्या सेरोटोनिन सोडतात. शेजारच्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवर ते जाऊन बसते आणि निरोप थेट मेंदूच्या बुडाशी पोहोचतो. तिथे रक्तावर पाळत ठेवणारा एक भागही असतो. इतरत्र मेंदूला रक्तातल्या परक्या पदार्थांपासून जे संरक्षण असते, ते इथे मुद्दाम सैल आहे. तो भाग आणि व्हेगसचा निरोप मिळून उलटीचा हुकूम सुटतो. चुकीची किल्ली कुलपात अडकून बसावी आणि खरी किल्ली आत जाऊ नये, तसे ओंडान्सेट्रॉन सेरोटोनिनच्या जागी जाऊन बसते. निरोप अडतो, उलटी थांबते. आतड्याला बसलेला धक्का मात्र आहे तिथेच राहतो.

उलटीला इतरही वाटा आहेत. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात वळणावळणाने बस चढू लागली की कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि डोळे यांचा मेळ बसत नाही. हा निरोप हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन यांच्यामार्फत जातो, सेरोटोनिनचा तिथे फारसा संबंध नाही. म्हणून गाडी लागते त्याला ओंडान्सेट्रॉन देऊन उपयोग होत नाही. तिथे एव्होमिनसारखी, म्हणजे प्रोमेथाझिन गटातली गोळी लागते, आणि तीही प्रवास सुरू होण्याआधी. तिने झोप येते. घेणाऱ्याने गाडी चालवू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. ‘उलटीची गोळी’ हे एकच नाव आपण चार-पाच वेगवेगळ्या औषधांना देतो, तेव्हा नेमका हा फरक पुसला जातो.

मुलांच्या जुलाब-उलट्यांत ओंडान्सेट्रॉन चांगले काम करते, आणि याचा भक्कम पुरावा आहे. 2006 मध्ये शिकागोतल्या तातडीच्या विभागात सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या 215 मुलांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. जिभेवर विरघळणारी एकच गोळी मिळालेल्या मुलांपैकी 14 टक्क्यांना नंतर उलटी झाली, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत 35 टक्क्यांना. सलाईन लावावे लागले ते अनुक्रमे 14 आणि 31 टक्क्यांना. म्हणजे ज्यांना सुई लागली असती, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांची सुई एका गोळीने टळली. औषध मिळालेल्या मुलांना जुलाब मात्र थोडे जास्त झाले. त्या चाचणीत मात्रा वजनावर ठरवली होती: 8 ते 15 किलोला 2 मिलिग्रॅम, 15 ते 30 किलोला 4 आणि त्यावर 8. सहा महिन्यांखालच्या बाळाला हे औषध घरी कधीच देऊ नये.

आपल्याकडच्या बहुतेक सिरपमध्ये 5 मिलिलिटरमध्ये 2 मिलिग्रॅम औषध असते. तरीही हातातल्या बाटलीवरचा आकडा वाचायलाच हवा, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा मिलिलिटरमध्ये की मिलिग्रॅममध्ये, हे तिथेच विचारून घ्यायला हवे. स्वयंपाकघरातला चमचा मापाला घेऊ नये. कुणाचा 3 मिलिलिटरचा असतो, कुणाचा 8 चा. बाटलीबरोबर येणारे माप किंवा सुईशिवायची सिरिंज वापरावी. मोठ्या भावाच्या वेळची उरलेली बाटली धाकट्याला देताना वजन बदललेले असते आणि बाटली उघडून महिने झालेले असतात. ती टाकूनच द्यावी. स्ट्रिपवर ‘एमडी’ लिहिले असेल तर ती तोंडात विरघळणारी गोळी. कोरड्या हाताने काढून जिभेवर ठेवायची, पाणी लागत नाही. औषध दिल्यावर पंधरा मिनिटांच्या आत ते उलटून पडले तर पुन्हा द्यायचे का, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. प्रत्येक उलटीनंतर एकेक चमचा देत राहणे ही सर्रास होणारी आणि वाईट सवय आहे. बहुतेक मुलांना एक मात्रा पुरते. दुसरी लागलीच तर साधारण आठ तासांनी, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

औषध दिल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे गेली की खरे काम सुरू होते. उलटी थांबवायची ती पोटात पाणी टिकावे म्हणून. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मोजून केलेले पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. जवळपास 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. उलट्या होणाऱ्या रुग्णांनाही ते पाणी थोडे-थोडे देत राहायचे, हाच नियम होता. उलटीची कोणतीही आधुनिक गोळी त्यांच्याकडे नव्हती. आज आपल्याकडे दोन्ही आहे, पण मळमळीची गोळी दिली जाते आणि त्याच पाण्याची, म्हणजे जलसंजीवनीची (ओआरएस) पुडी कपाटात राहते. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी 200 मिलिलिटरमध्ये, पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण मिसळायची. दर एक-दोन मिनिटांनी चमचाभर. घटाघटा प्यायला दिले तर पोट ते परत फेकते. गोड सरबते आणि डबाबंद पेये तिची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांतल्या जास्तीच्या साखरेने जुलाब वाढतात. अंगावरच्या बाळाला आईचे दूध चालूच ठेवावे.

आता हृदयाकडे वळतो. ओंडान्सेट्रॉनविषयी घरोघरी जी एक गोष्ट माहीत असायला हवी आणि सहसा नसते, ती हीच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याच्या पेशींना पुन्हा विजेने भरून तयार व्हायला काही क्षण लागतात. ईसीजीवर या काळाला क्यूटी म्हणतात. ओंडान्सेट्रॉन हा काळ थोडा लांबवते. निरोगी माणसाला गोळीच्या नेहमीच्या मात्रेत त्याने सहसा काही होत नाही. पण काळ फार लांबला तर ठोक्यांची लय बिघडून माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो, क्वचित दगावू शकतो. सप्टेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याविषयी इशारा दिला. पुढच्या वर्षी शिरेतून एकदम 32 मिलिग्रॅम देण्याची पद्धत बंद झाली आणि एका वेळी 16 ही कमाल मर्यादा ठरली. पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांना ब्रिटनमध्ये सुरुवातीला शिरेतून 8 च्या वर देत नाहीत.

घरात कोणी शिरेतून देत नाही, मग काळजी कशाची? कारण हे औषध नेमके त्याच माणसाला दिले जाते, ज्याचे हृदय त्या वेळी नाजूक असते. दोन दिवस उलट्या-जुलाब झाले की रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरते आणि तेवढ्यानेच क्यूटी लांबतो. त्यावर जुलाबासाठी ऑफ्लोक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिन सुरू होते. तेही क्यूटी लांबवते. पित्ताच्या गोळीत डोम्पेरिडोन असते. त्याचाही तोच गुण. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल चालू असेल तर आणखी भर. एकेकटी ही औषधे बहुतेकांना चालतात. चारही एका ताटात आली, आणि माणूस सत्तरीचा, लघवी जास्त होण्याची गोळी घेणारा, हृदय अशक्त असलेला असेल, तर धोका खरा असतो. आपल्याकडे एका आजारासाठी दोन डॉक्टर आणि एक मेडिकल अशा तीन ठिकाणांहून औषधे घरी येतात आणि कोणालाच संपूर्ण यादी माहीत नसते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल किंवा कोणाला धावताना, दचकताना शुद्ध हरपण्याचा त्रास असेल तर तेही आवर्जून सांगावे. काही घराण्यांत लांबलेला क्यूटी जन्मतःच असतो, आणि अशा माणसांना हे औषध देऊ नये.

याखेरीजच्या गोष्टी थोडक्यात. डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ हे याचे नेहमीचे त्रास. यकृत फार बिघडलेले असेल तर दिवसभरात 8 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. नैराश्यावरची काही औषधे चालू असताना हे घेतले आणि थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण असे एकत्र दिसले तर लगेच डॉक्टर गाठावा. ट्रामाडोल या वेदनाशामकाचा गुण हे औषध कमी करते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दुखणे वाढल्यासारखे वाटू शकते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे हलायचे थांबले असेल तर उलटी थांबल्याने ते झाकले जाते. पोट फुगत असेल, वारा सरत नसेल तर गोळीवर विसंबून राहू नये. केमोथेरपीच्या रुग्णाने गोळी उलटी सुरू झाल्यावर घ्यायची नसते, केमोच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या मळमळीवर ती एकटी फारशी चालत नाही. त्यासाठी जोडीची वेगळी औषधे असतात, ती मागून घ्यावीत. सहन करत बसू नये.

गरोदरपणाची गोष्ट निराळी आहे, कारण या वाटेवर एकदा फार मोठी किंमत मोजली गेली आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड अनेक देशांत गरोदर बायकांना मळमळीसाठी दिले गेले. 1961 मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बाळे हातपाय अपुरे घेऊन जन्माला आली होती. ओंडान्सेट्रॉन तसे नाही, हे स्पष्ट सांगतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या 18 लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतलेल्यांत हृदयाचे व्यंग वाढलेले दिसले नाही. ओठ किंवा टाळू दुभंगण्याचे प्रमाण दर 10,000 बाळांमागे 11 वरून 14 वर गेलेले दिसले. ही वाढ लहान आहे, पण आहे. म्हणून पहिल्या तिमाहीत आधी डॉक्सिलामिन आणि बी-6 जीवनसत्त्व यांची जोडगोळी देतात. तिने भागले नाही, वजन उतरू लागले, तर त्रास आणि धोका तोलून डॉक्टर ओंडान्सेट्रॉन देतात. त्या वेळी भीतीने नाकारू नये. उपाशी, कोरडी पडलेली आई हाही बाळाला धोकाच आहे. मात्र थोरल्या जावेला लागू पडली होती म्हणून तिच्या स्ट्रिपमधली गोळी घेणे नको.

जुन्या मेटोक्लोप्रमाइडची ओळखही ठेवायला हवी. पेरिनॉर्म हे त्याचे प्रचलित नाव. ते अजून खूप वापरले जाते. काही जणांना, विशेषतः मुलांना आणि तरुण मुलींना, एखाद-दुसऱ्या मात्रेनंतरच मान एकीकडे वळून ताठ होते, डोळे वर जाऊन अडकतात, जबडा आवळतो. माणूस शुद्धीवर असतो, पण बोलता येत नाही. पाहणाऱ्यांना झटका आला, धनुर्वात झाला, बाधा झाली असे वाटते. योग्य इंजेक्शन दिले की बहुधा काही मिनिटांत हे सुटते, म्हणून डॉक्टरांना घेतलेली गोळी दाखवणे महत्त्वाचे. युरोपच्या नियामकाने 2013 मध्ये याला पाच दिवसांची मर्यादा घातली आणि वर्षाखालच्या बाळांना ते बंद केले. महिनोन् महिने घेतल्यास तोंडाच्या, जिभेच्या न थांबणाऱ्या हालचाली कायमच्या जडू शकतात. कंपवाताच्या रुग्णाला हे देऊ नये. डोम्पेरिडोनलाही युरोपात 2014 पासून साधारण आठवड्याची मर्यादा आहे. आपल्याकडे पित्ताची म्हणून सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या जोडगोळीत तेच असते, हे घेणाऱ्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे एकदा वाचा.

सगळ्यात शेवटी, जिथे गोळी शोधण्यात वेळ घालवू नये अशा उलट्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास करून 1982 मध्ये दाखवून दिले की दंशानंतर उलट्या आणि दरदरून घाम ही हृदयावर संकट येत असल्याची पहिली खूण असते. त्या रुग्णाला प्राझोसिन आणि रुग्णालय हवे असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि उलट्यांनी उठला, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर मण्यारीचा दंश मनात धरा. तिच्या दंशाची खूण बहुधा दिसतच नाही. डेंग्यूत ताप उतरता उतरता वारंवार उलट्या होणे हा धोक्याचा इशारा आहे. मधुमेही माणसाला घामासह मळमळ होते तेव्हा छातीत दुखले नाही तरी हृदयविकाराचा झटका असू शकतो. आठवडाभर खूप तहान, खूप लघवी आणि आता उलट्या व जोराचा श्वास असे मूल दिसले तर आधी रक्तातली साखर तपासा. डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, फवारणीनंतरची उलटी, रक्ताची उलटी, बाळाची हिरवी उलटी, उजव्या कुशीत खाली दुखून होणारी उलटी, सकाळी उठल्याबरोबर डोके ठणकून रोज होणारी उलटी, यांतल्या एकीलाही मेडिकलमधली गोळी हे उत्तर नाही.

लहान मुलाने सहा तासांत लघवी केली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, ते सुस्त पडून असेल किंवा गोळी देऊनही चमचाभर पाणी टिकत नसेल, तर दुसरी गोळी देऊ नका. त्याला घेऊन रुग्णालयात जा. वाहन नसेल तर 108 वर फोन करा. दिलेल्या औषधाची स्ट्रिप किंवा बाटली आणि ते किती वाजता दिले ते लिहिलेला कागद बरोबर घ्या.